२७५ की ३७५ : स्तनवृद्धी शस्त्रक्रियेपूर्वीच्या साडेतीन महिन्यांचे एक प्रकरण

त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा ३६ वर्षांच्या होत्या. दोन मुले, दोघांनाही वर्षभराहून अधिक काळ अंगावर पाजलेले, आणि धाकट्याचे दूध सुटून चौदा महिने झालेले. त्यांच्या हातात घडी घातलेली एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर एकच आकडा लिहिलेला होता : ३७५. हा आकडा त्यांच्या मैत्रिणीचा होता. मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी ३७५ सीसीचे (घन सेंटीमीटरचे) इम्प्लांट, म्हणजे स्तनात बसवायची जेल किंवा खारे पाणी भरलेली पिशवी, बसवून घेतले होते, ते तिला शोभून दिसत होते, आणि म्हणून आपल्यालाही तेवढेच हवेत, अशी सरळ मागणी त्यांनी केली.

स्तनवृद्धीविषयी विचारायला येणाऱ्या बहुतेक स्त्रिया असाच एखादा आकडा, एखादे छायाचित्र किंवा ब्राचे एखादे माप मनाशी धरून येतात. त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही, कारण आपल्याला काय हवे आहे ते सांगायला त्यांच्याजवळ दुसरी भाषाच नसते. या चिठ्ठीपासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचायला आम्हाला साडेतीन महिने लागले, आणि त्या काळात जे ठरले ते टेबलावरच्या दीड तासापेक्षा अधिक महत्त्वाचे होते, असे मी आज पूर्ण विचारांती म्हणते. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, हे प्रकरण येथे मांडत आहे.

पहिली भेट

पती सोबत आले होते. ते सौजन्याने वागत होते, परंतु प्रत्येक प्रश्नावर बाई आधी त्यांच्याकडे पाहत आणि मग उत्तर देत, हे लक्षात आल्यावर मी त्यांना दहा मिनिटे बाहेर बसण्याची विनंती केली. ही विनंती मी सर्वच जोडप्यांना करते. शस्त्रक्रिया जिच्या शरीरावर होणार आहे तिचा निर्णय तिच्याच तोंडून, कुणी ऐकत नसताना, एकदा तरी ऐकावा लागतो. ‘हे कधीपासून मनात आहे, आणि आत्ताच का?’ एवढेच मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘दूध सुटल्यावर आरशात बघते तर वाटतं, कुणी तरी हवाच काढून घेतली आहे. मला कुणाला दाखवायचं नाही, डॉक्टर. माझेच जुने कपडे मला पुन्हा नीट बसायला हवेत.’

या उत्तराने मला बराच दिलासा मिळाला. जी स्त्री मोडू लागलेले नाते सावरण्यासाठी, कुणाच्या टोमण्यामुळे, किंवा नुकत्याच झालेल्या मोठ्या दुःखाच्या भरात शस्त्रक्रिया मागते, तिचे समाधान इम्प्लांटने होत नाही. तसेच काहींना आपल्या शरीरातील, इतरांना दिसतही नसलेल्या, दोषाने दिवसाचे तासन्‌तास ग्रासलेले असते. हा एक मानसिक विकार आहे, आणि त्यात शस्त्रक्रियेनंतर दोष केवळ दुसरीकडे सरकतो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला आधी घेणे हाच उपचार असतो. या बाईंच्या बाबतीत तसे काही नव्हते. त्यांची अपेक्षा मोजता येण्यासारखी होती.

नंतर मी मोजपट्टी घेतली. गळ्याच्या खालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंतचे अंतर उजवीकडे २१ सेंटीमीटर, डावीकडे २२. स्तनाच्या पायाची रुंदी १२.२ सेंटीमीटर. वरच्या भागातील त्वचा आणि तिच्याखालची चरबी चिमटीत धरली तर जाडी दीड सेंटीमीटर. स्तनाग्रे स्तनाच्या खालच्या घडीच्या किंचित वर. या आकड्यांपैकी प्रत्येकाने पुढचा एकेक निर्णय ठरवला.

समोरून काढलेले छायाचित्र पडद्यावर दाखवले तेव्हा त्या थबकल्या. ‘डावी बाजू खाली आहे?’ छत्तीस वर्षांत हे त्यांच्या लक्षात आलेच नव्हते. जवळपास प्रत्येक स्त्रीचे दोन्ही स्तन एकमेकांपेक्षा थोडे वेगळे असतात. शस्त्रक्रियेनंतर मात्र स्त्री आपल्याकडे पूर्वी कधी पाहिले नसेल इतक्या बारकाईने पाहू लागते, आणि जन्मापासून असलेला फरक तिला शस्त्रक्रियेतील चूक वाटतो. इम्प्लांटमुळे असा फरक कधी कधी अधिक उठूनही दिसतो. म्हणून हा एक सेंटीमीटर आधीच, दोघींनी मिळून, कागदावर लिहून ठेवला.

स्तनाग्रे घडीच्या वर असल्यामुळे आणखी एक मोठा प्रश्न सुटला. इम्प्लांट स्तनाला भरीवपणा देते, वर उचलत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यातून पुष्कळ निराशा होते. स्तनाग्र घडीच्या खाली उतरलेले असेल तर नुसते इम्प्लांट बसवल्याने ओघळलेला स्तन अधिक जड होऊन ओघळतो. अशा वेळी स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया करावी लागते आणि तिचे व्रण स्तनाग्राभोवती व खाली उभे राहतात. आमच्या प्रकरणात तिची गरज नव्हती, पण सीमारेषा जवळच होती, आणि जास्त वजनाचे इम्प्लांट ती काही वर्षांत ओलांडायला लावू शकले असते.

आईचा आजार

फॉर्मवरील कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात ‘आई – कर्करोग’ एवढेच लिहिलेले होते. विचारल्यावर कळले की आईला ४७व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता आणि उपचारांनंतर त्या आता बऱ्या होत्या. येथे मी शस्त्रक्रियेची चर्चा पूर्णपणे थांबवली. आईच्या उपचारांच्या वेळी जनुकीय तपासणी झाली होती आणि तिच्यात आनुवंशिक दोष आढळला नव्हता, हे कागद पुढच्या आठवड्यात हाती आले. तो दोष आढळला असता तर मुलीची तपासणी आधी करावी लागली असती, आणि तिचा निकाल वेगळा आला असता तर स्तनवृद्धीचा विषय बाजूला पडून वेगळ्याच प्रश्नांना सामोरे जावे लागले असते.

कागद समाधानकारक असले तरी मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करून घेतली. ग्रंथी दाट असल्याचा अभिप्राय आला, आणि उजव्या स्तनात ८ मिलिमीटरची पाण्याची साधी गाठ दिसली. अशी गाठ निरुपद्रवी असते. या अहवालांची खरी किंमत पुढे कळते. इम्प्लांट बसवल्यानंतर मॅमोग्राफीत स्तनाच्या ऊतींचा काही भाग झाकला जातो, त्यामुळे इम्प्लांट मागे ढकलून व स्तन पुढे ओढून जादा छायाचित्रे काढावी लागतात. दहा वर्षांनी एखादी सावली दिसली तर ती नवी की जुनी, हे सांगणारा एकमेव साक्षीदार म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीचा अहवाल. इम्प्लांटमुळे स्तनाचा नेहमीचा कर्करोग होण्याचे प्रमाण वाढत नाही, हे मी त्यांना सांगितले. मात्र तपासणी अवघड होते, हेही त्याच दमात सांगितले.

३७५चे काय झाले

इम्प्लांटचे आकारमान ही एकटी संख्या फारशी काही सांगत नाही. तेच ३७५ सीसी रुंद आणि बसक्या इम्प्लांटमध्ये असू शकतात, किंवा अरुंद आणि पुढे आलेल्या इम्प्लांटमध्ये. बाईंच्या स्तनाचा पाया १२.२ सेंटीमीटर होता. मध्यम उंचीचे ३७५ सीसीचे इम्प्लांट त्याहून रुंद असल्यामुळे काखेकडे हाताला लागले असते, किंवा मध्यभागी दोन्ही बाजू एकमेकींच्या फार जवळ आल्या असत्या. अरुंद, जास्त उंचीचे घेतले असते तर रुंदी जमली असती, पण दूध सुटल्यावर पातळ झालेल्या त्वचेवर सगळा ताण पुढच्या बाजूला आला असता. मैत्रिणीची छाती रुंद होती आणि तिला मुले झालेली नव्हती. तिच्या शरीराचा आकडा या शरीराला बसत नव्हता.

हे सगळे सांगूनही त्यांच्या चेहऱ्यावरची नाराजी गेली नाही. म्हणून मी त्यांना ब्रामध्ये घालायचे दोन मापांचे साइझर दिले, २७५चे आणि ३७५चे, आणि दोन आठवडे आलटून पालटून रोज काही तास वापरायला सांगितले. पुढच्या भेटीत त्यांनी मुलाच्या शाळेच्या वहीचे एक पान आणले. त्यावर पेन्सिलीने दोन रकाने पाडलेले होते. ३७५च्या खाली लिहिले होते : ‘आरशात छान. जिना उतरताना सगळं लक्ष तिकडेच. पोटावर झोपता येत नाही. धाकट्याला उचलताना मध्ये येतं. संध्याकाळी खांदे दुखले.’ २७५च्या खाली फक्त तीन शब्द होते : ‘दुपारनंतर विसरून गेले.’

ते पान मी त्यांच्या फाइलमध्ये लावून ठेवले आहे. सिलिकॉनचे वजन आकारमानाच्या जवळपास तितकेच ग्रॅम असते. म्हणजे ३७५ची जोडी पाऊण किलोच्या आसपास होते, आणि हे वजन स्त्री झोपेतही काढून ठेवू शकत नाही. २७५ सीसी, पाया सुमारे ११.७ सेंटीमीटर, हा निर्णय त्यांनी स्वतः घेतला. ‘अमुक कपचे माप मिळेल’ असे वचन मी त्यांना दिले नाही आणि कुणाही शल्यचिकित्सकाने देऊ नये, कारण कपची मापे कंपनीगणिक बदलतात.

कोणते इम्प्लांट आणि कुठे

सलाइनचे इम्प्लांट फुटले तर खारे पाणी शरीरात शोषले जाते आणि स्तन बसतो, त्यामुळे ते लगेच कळते. पण पातळ ऊतींखाली त्याच्या सुरकुत्या अधिक दिसतात. सिलिकॉन जेलचे इम्प्लांट हाताला अधिक नैसर्गिक लागते, पण ते फुटले तरी जेल बहुधा जागच्या जागी राहते आणि स्त्रीला काहीच जाणवत नाही. या मूक फुटीसाठीच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला असा आहे की शस्त्रक्रियेनंतर पाच ते सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी आणि नंतर दर दोन ते तीन वर्षांनी. तेथील नियमानुसार केवळ स्तनवृद्धीसाठी सलाइन इम्प्लांट १८ वर्षांनंतर आणि सिलिकॉन इम्प्लांट २२ वर्षांनंतर वापरता येते. बाईंनी सिलिकॉन निवडले आणि त्याबरोबर येणाऱ्या तपासण्यांचे वेळापत्रकही स्वीकारले.

‘चरबी भरून होत नाही का?’ असेही त्यांनी विचारले. होते, पण एका बैठकीत मर्यादितच वाढ मिळते, भरलेल्या चरबीचा काही भाग शरीर शोषून घेते, आणि काढण्यासाठी पुरेशी चरबीही असावी लागते. त्या सडपातळ होत्या, त्यामुळे हा मार्ग फार पुढे गेला नाही.

बाह्य पृष्ठभागाविषयी मात्र आम्ही बराच वेळ बोललो. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी एक दुर्मीळ लिंफोमा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा कर्करोग, जोडलेला आहे. हा स्तनग्रंथीचा कर्करोग नाही. तो इम्प्लांटभोवती तयार झालेल्या आवरणात उद्भवतो. अमेरिकेच्या याच प्रशासनाने २०११मध्ये या संबंधाकडे पहिल्यांदा लक्ष वेधले, जागतिक आरोग्य संघटनेने २०१६मध्ये त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली, आणि जुलै २०१९मध्ये अ‍ॅलरगन कंपनीने आपली बायोसेल पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली. या आजाराची नेहमीची खूण म्हणजे शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी एका बाजूला अचानक पाणी साचून आलेली सूज. वेळीच ओळखल्यास इम्प्लांट आणि त्याचे संपूर्ण आवरण काढून बहुतेक रुग्ण बरे होतात. आम्ही गुळगुळीत, गोल इम्प्लांट ठरवले. तरीही वर्षांनंतर एका बाजूला सूज आली तर ‘काही तरी लागले असेल’ म्हणून थांबू नका, हे त्यांना लिहून दिले. २०२२मध्ये अशा आवरणात इतर काही दुर्मीळ कर्करोग आढळल्याची सूचनाही निघाली आहे आणि त्यात गुळगुळीत इम्प्लांटचाही समावेश आहे.

स्तनाच्या वरच्या भागातील त्वचा व चरबीची जाडी दोन सेंटीमीटरपेक्षा कमी असल्यामुळे इम्प्लांटचा वरचा भाग छातीच्या मोठ्या स्नायूखाली आणि खालचा भाग ग्रंथीखाली ठेवायचे ठरले. स्नायूचे आवरण मिळाल्याने कडा दिसत नाहीत. त्याची किंमत अशी की सुरुवातीला वेदना अधिक होतात आणि हात जोराने दाबताना स्तन किंचित हलतो. छेद खालच्या घडीत. स्तनाग्राच्या कडेने छेद घेतल्यास व्रण लपतो, पण दुधाच्या नलिकांना व संवेदनेला धोका वाढतो. ज्यांना पुढे मूल हवे आहे त्यांनी हा मुद्दा आवर्जून विचारावा. बहुतेक स्त्रियांना इम्प्लांटनंतरही अंगावर पाजता येते, पण दूध पुरेसे येईलच याची हमी नसते, आणि गरोदरपणात स्तनाचा आकार पुन्हा बदलतो तो निराळाच.

लपवलेली गोष्ट

तिसऱ्या भेटीत तारीख ठरवताना बाई गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, ‘फॉर्मवर मी एक खोटं लिहिलंय. मी सिगारेट ओढते. दिवसाला पाच-सहा. घरी कुणाला माहीत नाही.’

त्यांनी हे सांगितले याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्तपुरवठा कमी होतो, टाके उसवणे, जंतुसंसर्ग आणि त्वचेचा भाग मरणे यांचा धोका वाढतो. निकोटिनच्या पट्ट्या आणि च्युइंगमलाही हेच लागू होते, याची कल्पना अनेकांना नसते. तारीख पुढे ढकलली. किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद, अशी अट होती. त्यांनी सहा आठवडे आधीच सोडली. त्याच वेळी त्या घेत असलेल्या सर्व गोळ्यांची यादी मागितली, कारण अ‍ॅस्पिरिन, काही वेदनाशामके आणि लसूण किंवा जिन्कोच्या ‘निरुपद्रवी’ पूरक गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात. भूलतज्ज्ञांनाही ही यादी लागते. प्रश्नावलीत खोटे लिहिणाऱ्या स्त्रीवर रागावू नये. तिला ते खोटे मागे घेता येईल इतका वेळ आणि इतकी खासगी जागा द्यावी.

संमतीचा कागद

१९६२मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या शल्यचिकित्सकांनी टिमी जीन लिंडसे यांच्यावर सिलिकॉन इम्प्लांटची पहिली शस्त्रक्रिया केली. त्या रुग्णालयात गेल्या होत्या गोंदण काढून घेण्यासाठी. इम्प्लांटची कल्पना डॉक्टरांनी पुढे केली. ही हकीकत मी बाईंना सांगितली, कारण संमती म्हणजे सुचवलेल्या गोष्टीला दिलेला होकार नव्हे, हे मला त्यांना पटवायचे होते. ऑक्टोबर २०२१मध्ये अमेरिकेत नियम झाला की इम्प्लांटवर ठळक चौकटीतील इशारा असावा, आणि रुग्णाने एका तपासणी-यादीतील धोके वाचून सही केल्याशिवाय व डॉक्टरनेही तिच्यावर सही केल्याशिवाय शस्त्रक्रिया होऊ नये. आपल्याकडे तसा नियम असो वा नसो, अशी यादी मागण्याचा प्रत्येक स्त्रीला अधिकार आहे असे माझे ठाम मत आहे.

आमच्या यादीचा पहिला मुद्दा हाच होता : इम्प्लांट आयुष्यभर टिकणारी वस्तू नाही. कंपन्यांच्याच दहा वर्षांच्या पाहणीत, स्तनवृद्धीसाठी इम्प्लांट घेतलेल्या साधारण चारपैकी एका ते तीनपैकी एका स्त्रीला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आहे. छत्तिसाव्या वर्षी इम्प्लांट घेणाऱ्या स्त्रीने निदान एक शस्त्रक्रिया पुढे आहेच असे धरून चालावे, आणि खर्चाचा हिशेबही तसाच मांडावा. ‘नकोसे झाले तर काढून टाकू’ हेही वाटते तितके सोपे नसते, कारण मधल्या काळात त्वचा ताणली गेलेली आणि ग्रंथी दाबाने पातळ झालेली असते. स्तन पूर्वीसारखा होत नाही.

दुसरा मुद्दा आवरणाचा. कोणतीही परकी वस्तू आत ठेवली की शरीर तिच्याभोवती तंतुमय आवरण तयार करते. काही जणींमध्ये हे आवरण आकसते. त्याच्या बेकर यांच्या नावाने चार पायऱ्या मानल्या जातात : पहिलीत स्तन मऊ, दुसरीत किंचित टणक पण दिसायला ठीक, तिसरीत टणक आणि आकार बिघडलेला, चौथीत त्याबरोबर वेदना. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया लागते.

तिसरा मुद्दा बाईंनीच काढला. थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा, केस गळणे अशा तक्रारी इम्प्लांटनंतर सुरू झाल्याचे अनेक स्त्रिया सांगतात, हे त्यांनी वाचले होते. सिलिकॉन इम्प्लांटवर अमेरिकेत १९९२मध्ये निर्बंध आले. १९९९मध्ये तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाला ठरावीक संधिवातासारख्या आजारांशी इम्प्लांटचा संबंध असल्याचा खात्रीलायक पुरावा आढळला नाही. २००६मध्ये सिलिकॉन इम्प्लांट पुन्हा मंजूर झाली. तरीही या तक्रारी खऱ्या आहेत, त्या ओळखणारी एकही चाचणी अद्याप उपलब्ध नाही, आणि इम्प्लांट काढल्यावर काही स्त्रियांना बरे वाटते. ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ हे उत्तर कुणाही रुग्णाला देण्याजोगे नाही. बाईंना स्वतःला किंवा घरात कुणाला स्वयंप्रतिकार आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, नव्हता. तसा असता तर मी अधिक थांबले असते.

शस्त्रक्रिया आणि ती रात्र

संपूर्ण भूल, साडेचार सेंटीमीटरचा छेद, दीड तास. स्तनाग्रे चिकटपट्टीने झाकलेली, पोकळी जंतुनाशकाने धुतलेली, इम्प्लांटला हात लावण्यापूर्वी हातमोजे बदललेले. यांतील प्रत्येक पाऊल जंतूंना इम्प्लांटपासून दूर ठेवण्यासाठी असते. सर्व काही ठरल्याप्रमाणे पार पडले.

सात तासांनी परिचारिकेने मला बोलावले. उजवा स्तन डाव्यापेक्षा स्पष्ट मोठा, ताठ आणि निळसर दिसत होता. बाई म्हणाल्या, ‘डावीकडे दुखतंय, पण उजवीकडे फुटेल असं वाटतंय.’ एका बाजूची ही वेगळी वेदना म्हणजे आत रक्त साचल्याचे लक्षण, हे मी त्यांना आधीच सांगितले होते. त्यामुळे वेदनाशामक मागून सकाळची वाट पाहण्याऐवजी त्यांनी घंटा वाजवली. त्याच रात्री पुन्हा भूल देऊन सुमारे १२० मिलिलिटर रक्ताच्या गुठळ्या काढल्या, स्नायूच्या कडेची रक्तवाहिनी बंद केली, इम्प्लांट धुऊन परत बसवले. ही वाहिनी पहिल्या शस्त्रक्रियेत कोरडी दिसली होती. रक्तदाब पूर्ववत झाल्यावर ती पुन्हा वाहू लागली असावी. सगळी काळजी घेऊनही हे घडते, आणि ते माझ्या हातून झालेल्या शस्त्रक्रियेत घडले, हे मी त्यांना सकाळी जसे आहे तसे सांगितले.

या प्रसंगामुळे मी आता प्रत्येक रुग्णाला घरी जाताना एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देते : एका बाजूला अचानक सूज किंवा ताण, ताप, पसरत जाणारी लाली, जखमेतून स्राव, पोटरीत दुखणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर वेळ न पाहता फोन करावा. ‘डॉक्टरांना त्रास नको’ या संकोचाने गमावलेले तास परत मिळत नाहीत.

नंतरचे महिने

दहाव्या दिवशी त्या बैठ्या कामावर गेल्या. सहा आठवडे मुलाला उचलायचे नव्हते, आणि शस्त्रक्रियेपेक्षाही हेच त्यांना अधिक जड गेले. त्याची सोय घरात आधीच लावून ठेवावी, हे पुरेसे जोर देऊन सांगितले जात नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या रडवेल्या होऊन आल्या : स्तन फार वर आणि चौकोनी दिसत होते. स्नायू आखडलेला असताना इम्प्लांट वरच बसते, आणि ते खाली येऊन आकार गोलसर व्हायला तीन ते सहा महिने जातात. पहिल्या तीन महिन्यांतील आरसा विश्वासू नसतो. चौथ्या महिन्यात त्यांनी स्वतःच जुने छायाचित्र मागून घेतले आणि दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. डावी बाजू अजूनही एक सेंटीमीटर खाली होती. त्यांनी फक्त मान डोलावली.

डाव्या स्तनाग्राची संवेदना चार महिन्यांत परतली. उजव्याची पूर्ण परतलेली नाही, आणि आता परतेल असे मला वाटत नाही. चौदाव्या महिन्यात उजवा स्तन डाव्यापेक्षा किंचित टणक लागू लागला. बेकर पायरी दुसरी. साचलेल्या रक्तामुळे आवरण आकसण्याचा धोका वाढतो, त्यामुळे हे अगदी अनपेक्षित नव्हते. सध्या उपचार नाही, सहा महिन्यांनी तपासणी. ‘पुन्हा करावं लागलं तर कराल का?’ या माझ्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, ‘टणक झाले तर बदलायचे की काढायचे, ते तेव्हा ठरवीन. पण ठरवीन मीच.’

शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यांना एक कार्ड दिले होते. त्यावर कंपनीचे नाव, प्रकार, आकारमान, बॅच आणि अनुक्रमांक. २०१०मध्ये फ्रान्समधील पीआयपी कंपनीची इम्प्लांट औद्योगिक दर्जाच्या सिलिकॉनने भरलेली असल्याचे उघडकीस आले, तेव्हा आपल्या शरीरात कोणत्या कंपनीचे इम्प्लांट आहे हे सांगू न शकणाऱ्या स्त्रियांवर डॉक्टरांच्या जुन्या फायली शोधत फिरण्याची वेळ आली. कार्डाची एक प्रत घरी, एक फोनमध्ये आणि एक विश्वासातल्या माणसाकडे असावी.

गेल्या महिन्यात त्या मॅमोग्राफीला गेल्या. तंत्रज्ञाने विचारण्यापूर्वीच त्यांनी पाकिटातून कार्ड काढून टेबलावर ठेवले आणि इम्प्लांट असल्याचे सांगितले. नेहमीच्या चार छायाचित्रांऐवजी आठ काढली गेली. जुना अहवाल शेजारी लावून पाहिला तेव्हा उजवीकडची ८ मिलिमीटरची गाठ तिथेच, तेवढीच होती. कार्डाच्या मागच्या बाजूला त्यांनी पेनाने पुढच्या सोनोग्राफीचे वर्ष लिहून ठेवले आहे.